गॅस भरून टाका : मोटारीतील गारव्याचे शास्त्र आणि लोकाचार

होळी पेटून गेली आणि गुढीपाडवा तोंडावर आला की महाराष्ट्रातील मोटारमालकांच्या मोठ्या वर्गास आपल्या वाहनातील वातानुकूलन यंत्रणेचे, म्हणजे बोलीतल्या एसीचे, अस्तित्व नव्याने जाणवू लागते. थंडीच्या दिवसांत ज्या बटणाकडे कोणी ढुंकूनही पाहिलेले नसते ते दाबले जाते, जाळीतून कोमट वारा येतो आणि मालक तत्क्षणी निदान करतो की गॅस संपला आहे. हे निदान करण्यासाठी बॉनेट उघडावे लागत नाही, शिक्षणाची अट नसते, आणि नागपूरच्या कोरड्या उन्हात व रत्नागिरीच्या घामट उकाड्यात ते अक्षरशः सारखेच असते. निदानाप्रमाणे उपचारही ठरलेला असून गॅरेजच्या दारात गाडी थांबवून, काच अर्धी खाली करून, "गॅस भरून टाका" एवढ्या शब्दांत तो सांगितला जातो. या यंत्रणेचे कार्य, तिची देखभाल आणि तिच्याभोवती वाढलेला लोकाचार यांचा एकत्रित विचार केला असता असे आढळते की यंत्र ज्या तत्त्वावर चालते आणि मालक ज्या तत्त्वावर ते चालवतो, त्या दोन तत्त्वांची अद्याप भेट झालेली नाही.

यंत्राची बाजू प्रथम पाहू. एसी थंडी निर्माण करत नाही. तो गाडीच्या आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, आणि हे काम द्रवाची वाफ होताना शोषल्या जाणाऱ्या उष्णतेच्या बळावर होते. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते, तेच तत्त्व येथे बंदिस्त नळ्यांमध्ये राबवलेले असते. फरक इतकाच की माठातील पाणी हवेत निघून जाते व रोज भरावे लागते, तर मोटारीतील द्रव वाफ झाल्यावर परत गोळा केला जातो, पुन्हा द्रव केला जातो आणि पुन्हा कामाला लावला जातो. हा एवढा फरक लक्षात न आल्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य मोटारमालक डॅशबोर्डाच्या मागे माठ बसवलेला आहे अशा समजुतीने आयुष्यभर गाडी चालवतात.

या फिरत्या पदार्थाला शीतक म्हणतात आणि गॅरेजच्या परिभाषेत त्यालाच गॅस हे नाव आहे. आजच्या बहुसंख्य गाड्यांत असलेला आर-१३४ए हा शीतक साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, आणि त्याच्यावरील दाब कमीजास्त करून त्याला हव्या त्या ठिकाणी उकळवणे व हव्या त्या ठिकाणी निववणे एवढाच या यंत्रणेचा उद्योग असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायुरूप शीतकाला दाबून तप्त करतो. एसीचे बटण दाबल्यावर बॉनेटखालून येणारा 'टक्' असा आवाज हा पट्ट्याची चकती आणि कॉम्प्रेसरचा दांडा यांना जोडणाऱ्या चुंबकीय क्लचचा असतो. पुढे रेडिएटरच्या समोर उभ्या असलेल्या कंडेन्सर नावाच्या जाळीदार भागात हा तप्त वायू आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो, ड्रायर नावाच्या छोट्या नळकांड्यातील दाणे त्यातील ओलावा शोषून घेतात, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून तो एकदम कमी दाबाच्या प्रदेशात शिरतो. हा प्रदेश म्हणजे डॅशबोर्डाच्या मागे दडलेली कूलिंग कॉइल होय. तेथे शीतक उकळतो, उकळण्यासाठी लागणारी उष्णता कॉइलभोवतीच्या हवेतून ओढून घेतो, आणि ब्लोअर नावाचा पंखा ती निवलेली हवा प्रवाशांच्या तोंडावर सोडतो. वाफ झालेला शीतक कॉम्प्रेसरकडे परततो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

या संपूर्ण फेऱ्यात गॅस खर्च होण्याची जागा कोठेही नाही. लहान गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो, त्याचे नेमके वजन बॉनेटखालच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेले असते, आणि रबरी नळ्यांतून व कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून वर्षानुवर्षे जो किंचित झिरपतो तेवढा सोडला तर तो गाडीच्या पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे सुखरूप जाऊ शकतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर दर वर्षी तो कोठूनतरी गळतो आहे असा त्याचा सरळ अर्थ होतो. तरीही "मागच्याच वर्षी भरला होता, आता वर्ष झालंच की" असे म्हणणारा मालक विम्याच्या हप्त्याइतक्याच निर्विकारपणे तो पुन्हा भरून घेतो.

गॅसचा इतिहास पाहिला तर मानवजातीनेही याबाबतीत फारसे शहाणपण दाखवलेले नाही. मोटारीत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या गाड्यांसाठी केला. त्या यंत्रणेने सामानाच्या डिकीतील मोठी जागा व्यापली होती आणि ती बंद करण्यासाठी गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढून ठेवावा लागे. अमेरिकेतील ग्राहकांना ही व्यवस्था गैरसोयीची वाटली व ती लवकरच बंद पडली. तीच गाडी सदाशिव पेठेत विकली गेली असती तर पट्टा काढून ठेवण्याची सोय हेच तिचे सर्वांत मोठे आकर्षण ठरले असते आणि तो पट्टा फडक्यात गुंडाळून कपाटात जपलाही गेला असता.

त्या काळातील शीतक आर-१२, म्हणजे फ्रेऑन, याच्या विकासात थॉमस मिजली या अमेरिकी संशोधकाचा मोठा वाटा होता. हा वायू विषारी नाही व पेटतही नाही हे पटवण्यासाठी त्याने १९३० मध्ये जाणकारांच्या सभेत तो छातीभर ओढून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. मेणबत्ती विझली, सभा प्रभावित झाली, आणि वातावरणातील ओझोनच्या थराला त्या सभेचे आमंत्रण नसल्यामुळे त्याचे मत कळायला १९७४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी अशा वायूंमुळे ओझोनचा ऱ्हास होऊ शकतो हे दाखवून दिले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि १९९५ मध्ये पॉल क्रुट्झन यांच्यासह त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची कल्पनाही याच मिजलीची होती, हे लक्षात घेता मोटारीच्या इंजिनापासून एसीपर्यंत एकट्या माणसाने इतके सर्वंकष योगदान दिल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण आहे.

आर-१२ ची जागा घेणारा आर-१३४ए ओझोनला उपद्रव देत नाही. मात्र पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट समर्थ आहे. म्हणजे गळक्या नळीतून अर्धा किलो गॅस हवेत गेला की सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतका परिणाम होतो, आणि बाहेरचा उन्हाळा असह्य झाला म्हणून आत गॅस भरणारा मालक पुढच्या पिढ्यांच्या उन्हाळ्याचीही तजवीज त्याच भेटीत करून येतो. आर-१२३४वायएफ हा नवा शीतक या दृष्टीने बराच निरुपद्रवी असून युरोपातील नव्या गाड्यांत तो रूढ झाला आहे. तो किंचित ज्वलनशील आणि भरपूर महाग आहे, त्यामुळे तो सर्वत्र आल्यावर 'भरून टाका' म्हणणाऱ्याचा आवाज थोडा खाली येईल अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

आता लोकाचाराकडे वळता येईल. पहिला आचार तापमानाच्या बटणाचा. साध्या, हाताने फिरवायच्या एसीत हे बटण अर्ध्यावर आणले की यंत्र अर्धेच काम करते व पेट्रोल वाचते अशी दृढ श्रद्धा आहे. प्रत्यक्षात बहुतेक साध्या यंत्रणांत कॉइल पूर्वीइतकीच थंड केली जाते, आणि बटण फिरवल्याने फक्त आतील एक झडप उघडून इंजिनाच्या गरम पाण्यावर तापलेली हवा तीत मिसळली जाते. म्हणजे मालक आधी पैसे खर्चून हवा गार करतो, मग तीच पुन्हा गरम करतो, आणि या दुहेरी उद्योगाला काटकसर समजून समाधान पावतो. स्वयंचलित एसीच्या मालकांचा आचार याच्या उलट असतो. उन्हात तापलेल्या गाडीत बसताक्षणी ते १६ अंशांचा आकडा लावतात, कारण मोठी मागणी केली की यंत्र अधिक घाई करील असा त्यांचा सरकारी कचेरीतील अनुभवाच्या अगदी विरुद्ध असा विश्वास असतो. २२ मागितले काय आणि १६ मागितले काय, तापलेल्या गाडीत यंत्र सुरुवातीला पूर्ण ताकदीनेच चालते. फरक पडतो तो अर्ध्या तासाने, जेव्हा मागच्या आसनावरील आजी कानांवरून पदर घट्ट ओढून घेतात आणि "मला काही होत नाही, तुमचं चालू द्या" असे म्हणतात, ज्याचा अर्थ एसी ताबडतोब बंद करावा असा होतो.

दुसरा आचार बंद काचांचा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतील हवा ६० अंशांच्या घरात जाऊ शकते, अशा वेळी बाहेरची ४० अंशांची हवाही तुलनेने थंडच म्हणावी लागते. म्हणून काचा खाली करून थोडे अंतर जावे, कोंडलेली हवा निघून जाऊ द्यावी, मग काचा लावून एसी सुरू करावा व थोड्या वेळाने रिसर्क्युलेशनचे बटण दाबावे, हा शास्त्रशुद्ध क्रम होय. रिसर्क्युलेशन म्हणजे बाहेरची हवा न घेता आतलीच, आधीच निवलेली हवा पुन्हा कॉइलवरून फिरवणे. मात्र काच उघडली की "गारवा बाहेर जातो" ही शिकवण इतकी खोल रुजलेली असते की जो गारवा अद्याप जन्मालाच आलेला नाही तो वाचवण्यासाठी संपूर्ण कुटुंब भट्टीत बसून राहते. लांबच्या प्रवासात याच रिसर्क्युलेशनचे बटण तासन्‌तास दाबलेले राहिले की पाच जणांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो, आणि चालकाला येणाऱ्या जांभया दुपारच्या जेवणातील श्रीखंडाच्या खात्यावर टाकल्या जातात.

तिसरा आचार घाटाचा असून त्याला ऐतिहासिक आधार आहे. १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे होते व सुरुवातीच्या गाड्यांत त्याची ताकद ४० अश्वशक्तीपेक्षाही कमी होती. त्यातील काही अश्वशक्ती कॉम्प्रेसरने पळवल्यावर उरलेल्यांना चार माणसे, दोन बॅगा आणि आंब्याची पेटी घेऊन बोरघाट चढणे जड जात असे, म्हणून चढ आला की एसी बंद करण्याची रीत पडली आणि ती त्या काळी योग्यच होती. पुढे इंजिने दुपटी-तिपटीने ताकदवान झाली, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की काही क्षण कॉम्प्रेसर आपणहून सोडवणारे इंजिनाचे संगणक आले, तरी खालापूरचा टोलनाका मागे पडला की पुढच्या आसनावरील ज्येष्ठ गृहस्थ "एसी बंद कर, घाट आला" अशी घोषणा करतातच, काचा खाली होतात, आणि पुढच्या ट्रकचा धूर कुटुंबाच्या इंधनबचतीत सहभागी होतो. कमी वेगात, गावातल्या गावात एसीऐवजी काचा उघडणे किफायतशीर असते हे खरे. परंतु महामार्गावरील वेगात उघड्या काचांमुळे हवेचा अडथळा वाढून त्या बचतीतील बराच भाग निघून जातो. मालक गावातल्या सिग्नलवर परिचितांनी पाहावे म्हणून काचा लावून बसतो, आणि महामार्गावर ओळखीचे कोणी नसल्यामुळे त्या उघडतो.

काटकसरीच्या या तत्त्वज्ञानाची झळ मालकाला क्वचितच लागते. साहेब सभागृहात असताना चालकाने झाडाखाली, एसी बंद ठेवून वाट पाहावी हा शिरस्ता आहे, आणि मालवाहू ट्रकच्या केबिनमध्ये तर गारव्याची कल्पना चैनीत मोडत असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य करणारा नियम केंद्र सरकारने केला, तो तापलेल्या इंजिनाशेजारी बसून देशाचा माल वाहणाऱ्या माणसालाही शरीर असते या शोधाची अधिकृत नोंद म्हणावी लागेल.

पावसाळा आला की बहुतेक मालक एसीला रजा देतात, आणि येथे लोकाचार यंत्राच्या जन्मकथेलाच हरताळ फासतो. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आपली यंत्रणा आखली ती मुख्यतः दमटपणा आवरण्यासाठी, कारण ओलाव्याने कागद फुगत-आकसत असे व रंगांच्या छपाया एकमेकींवर नेमक्या बसत नसत. थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते व हवा कोरडी होते. गाडीखाली ठिबकणारे पाणी हेच असते, जे पाहून नवखा मालक घाबरतो आणि शेजारी त्याला रेडिएटर फुटल्याचे सांगून आणखी घाबरवतो. जुलैच्या पावसात आंबोली घाटात ओल्या कपड्यांच्या व श्वासांच्या वाफेने समोरची काच आतून धुरकट होते तेव्हा एसी लावून, बटण किंचित उबेकडे वळवून, कोरडी हवा काचेवर सोडली की ती थोड्याच वेळात निवळते. "पावसात एसी कशाला?" असे विचारणारा मालक मात्र एका हाताने चक्र धरतो आणि दुसऱ्या हातातील फडक्याने काचेवर धुक्याची नक्षी काढत दरीच्या कडेने जातो. उलट मुंबईच्या दमट रात्री हवेचा गार झोत काचेवर लावून ठेवला तर वाफ बाहेरच्या बाजूने धरते. तेव्हा आत कितीही पुसले तरी उपयोग नसतो, झोत वळवून वायपर एकदा फिरवणे पुरते.

देखभालीचा भाग यंत्राइतकाच सरळ आहे. डॅशबोर्डाच्या डाव्या खणामागे, बहुधा हाताने काढता येण्याजोगा, केबिन फिल्टर असतो. तो धूळ, चिंचेची पाने आणि झाडाखालच्या सावलीची इतर देणी अडवतो, आणि तो गच्च भरला की वाऱ्याचा जोर कमी होतो, ज्याला मालक अर्थातच गॅस संपणे म्हणतो. पावसाळ्यात उंदीर याच परिसरात बिऱ्हाड करतात. त्यांना फिल्टरचा कागद अंथरुणासाठी आणि वायरी दातांसाठी उपयोगी पडतात. एसी सुरू करताच येणारा ओल्या मोज्यांचा वास कॉइलवरील ओलाव्यात वाढलेल्या बुरशीचा असतो. मुक्कामाला पोचण्याच्या काही मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर कॉइल सुकते आणि वास टळतो, परंतु हा उपाय फुकट असल्यामुळे त्यावर विश्वास बसत नाही व डॅशबोर्डावर मोगऱ्याच्या सुगंधाची बाटली चिकटवली जाते. पाणी जाण्याची नळी तुंबली की ते बाहेर ठिबकण्याऐवजी शेजारच्या प्रवाशाच्या पायाखालच्या गालिच्यात उतरते. धावताना गार आणि सिग्नलला कोमट असा अनुभव आला तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा चिखलाने, किड्यांनी बुजलेल्या त्याच्या जाळीवर घ्यावा. ती जाळी हलक्या धारेने धुवावी, कारण जोराच्या फवाऱ्याने तिच्या नाजूक पात्या वाकतात. हिवाळ्यातही अधूनमधून काही मिनिटे एसी चालवावा, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते व सील ओले ठेवते. चार महिने बटणाला हात न लावून वाचवलेले पेट्रोल कोरड्या पडलेल्या सीलच्या वाटेने गॅसच्या रूपात परत जाते.

गॅसचे काम करायचेच झाले तर त्याची रीत ठरलेली आहे. उरलेला गॅस यंत्राने काढून घेऊन मोजावा, नायट्रोजनच्या दाबाने किंवा अतिनील दिव्यात चमकणाऱ्या रंगद्रव्याने गळती शोधावी, सांध्यावरील झिजलेली ओ-रिंग किंवा फुटलेली नळी बदलावी, मग व्हॅक्युम पंपाने आतील हवा ओढून घ्यावी. या निर्वात अवस्थेत आत अडकलेले पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. ते राहिले तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते किंवा आतील भाग गंजवते. शेवटी पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस, काट्यावर तोलून, भरावा. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा हा समज आग्रहाच्या पंगतीतून आलेला असावा. प्रत्यक्षात जास्तीच्या गॅसने दाब वाढतो, गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

ही रीत गॅरेजवाल्याला ठाऊक नसते असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. अडचण हिशेबाची आहे. गळती शोधण्यात त्याची अर्धी दुपार जाते आणि हाती लागते ती काही रुपयांची रबरी कडी, तिच्यापुढे बिलात शोधण्याची मजुरी लिहिली की मालक "एवढ्याशा वॉशरचे एवढे?" असे विचारतो, शेजाऱ्याला फोन लावतो आणि पुढच्या वेळी दुसरे गॅरेज गाठतो. उलट गॅस भरला की काट्यावर आकडा दिसतो, नळीतून सूंऽऽ असा आवाज येतो, जाळीतून बर्फासारखी हवा येते, आणि तोच मालक दीडपट पैसे मोजून "छान झालं काम, भाऊ" असेही म्हणतो. जो वस्तूचे पैसे आनंदाने देतो आणि शोधाचे देत नाही, त्याला दर वर्षी वस्तूच विकली जाणार हा बाजाराचा साधा नियम आहे. तेव्हा मोटारीच्या एसीतील सर्वांत जुनी गळती बंद करायची असेल तर ती नळ्यांत शोधण्याआधी बिलावर घासाघीस करण्याच्या सवयीत शोधावी लागेल, आणि ती सापडेपर्यंत गॅरेजवाल्यांचा एप्रिल महिना उत्तम जात राहील.